तलावावरचे तास आणि हवेतला वायू: ‘पूल क्लोरीन’ गृहीतक वाचताना

पेपर वाचायला घेतला की निष्कर्षाकडे धावायच्या आधी एक काम करायचं: या लोकांनी नक्की मोजलं काय, ते शोधायचं. ‘पद्धती’च्या भागात कुठला शब्द आहे आणि ‘निष्कर्षा’त कुठला, हे वहीत शेजारी शेजारी लिहायचं. दोन्हीकडे एकच शब्द निघाला तर उत्तम. बहुतेक वेळा निघत नाही. मधलं अंतर किती आहे आणि लेखकांनी ते कशाच्या आधारावर ओलांडलं, हे पाहणं म्हणजे पेपरचं परीक्षण. सिनॉप्सिस लिहिताना आपण ‘अमुक यांनी तमुक दाखवले’ अशा वाक्यांची जी आगगाडी जोडतो, तिला परीक्षण म्हणत नाहीत. पेटच्या मुलाखतीत नेमकं इथेच अडायला होतं.

आज त्यासाठी एक जुना पण गाजलेला पेपर घेतलाय. २००३ साली ‘ऑक्युपेशनल अँड एन्व्हायर्न्मेंटल मेडिसिन’ या नियतकालिकात आलेला, बेल्जियममधले विषशास्त्रज्ञ अल्फ्रेड बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. बंदिस्त, क्लोरीन घातलेल्या तरणतलावावर नियमित जाणाऱ्या शाळकरी मुलांची फुप्फुसं आणि दमा, हा त्याचा विषय. यातून जे गृहीतक निघालं, ते पुढे ‘पूल क्लोरीन हायपोथिसिस’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध आजवर बरंच लिहिलं गेलंय. माझा स्वतःचा विषय पाण्याच्या निर्जंतुकीकरणातून तयार होणारी उपउत्पादनं हा असल्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ओळखीपाळखीतून हमखास एक प्रश्न येतो: मुलाला दम्याचा त्रास आहे, पोहायचा क्लास लावू की नको? प्रश्न साधा आहे. उत्तर द्यायला बसलं की मात्र हे सगळे पेपर उघडावे लागतात.

आधी थोडं रसायनशास्त्र, कारण ते नसेल तर पुढची टीका पोकळ वाटेल.

तलावात आपण क्लोरीन वायूच्या रूपात घाला, ब्लीचिंग पावडर घाला किंवा सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण घाला, पाण्यात काम करतं ते हायपोक्लोरस आम्ल. पीएच ७.५ च्या आसपास असेल तर साधारण अर्धा भाग या आम्लाच्या रूपात असतो आणि अर्धा हायपोक्लोराइट आयनाच्या. पीएच ८ झाला की आम्लाचा वाटा पाव भागावर येतो. जंतू मारण्यात आम्ल आयनापेक्षा कितीतरी तेज असल्यामुळे तलाववाले पीएचच्या मागे लागलेले असतात. या सगळ्याला मिळून म्हणायचं मुक्त क्लोरीन.

आता पाण्यात माणसं उतरतात. घाम येतो, त्वचेवरचं काय काय सुटतं, आणि काहीजण पाण्यातच लघवी करतात. यातून नायट्रोजन असलेले पदार्थ येतात: युरिया, अमोनिया, युरिक आम्ल, अमिनो आम्लं. मुक्त क्लोरीन त्यांच्याशी जोडला जातो आणि क्लोरामाइन तयार होतात. याला संयुक्त क्लोरीन म्हणतात. नायट्रोजनला एक क्लोरीन लागला तर मोनोक्लोरामाइन, दोन लागले तर डायक्लोरामाइन, तीन लागले तर ट्रायक्लोरामाइन. यातला तिसरा भाऊ उपद्रवी. तो पाण्यात फारसा टिकत नाही, हवेत उडतो, आणि डोळे, नाक, घसा चुरचुरायला लावतो. बंदिस्त तलावाच्या दारातून आत शिरताच ‘क्लोरीनचा वास’ म्हणून जो नाकात जातो, तो बऱ्याच अंशी या क्लोरामाइनांचा असतो. म्हणजे वास जास्त येतोय याचा अर्थ क्लोरीन जास्त पडलाय असा नसतो. बऱ्याचदा उलट असतं: घातलेला क्लोरीन घाम-लघवीत अडकून बसलाय आणि मुक्त क्लोरीन कमी पडतोय.

किटचंही इथेच सांगून टाकते. डीपीडी नावाच्या रसायनाने पाणी गुलाबी होतं, आणि दोन टप्प्यांत मोजलं तर आधी मुक्त आणि मग एकूण क्लोरीन कळतो. वजाबाकी केली की संयुक्त. आपल्याकडे अजून दिसणाऱ्या स्वस्त ओटी किटमध्ये पाणी पिवळं होतं आणि आकडा येतो तो एकूण क्लोरीनचा. मुक्त किती, संयुक्त किती, हे त्या पिवळ्या रंगातून सुटं होत नाही. फळ्यावर ‘क्लोरीन: योग्य’ असं लिहिलेलं दिसलं, तर कुठलं किट वापरलंत, हा पहिला प्रश्न. एकूण आकडा ठीक दिसत असताना त्यातला मोठा भाग संयुक्त असू शकतो. म्हणजे जो भाग जंतूंवर जवळजवळ निकामी आणि नाकाला त्रासदायक, तोच फळ्यावर ‘योग्य’ म्हणून लागलेला असू शकतो.

आता पेपर.

२००३ च्या त्या एका पेपरमध्ये खरं तर तीन अभ्यास आहेत, आणि वाचताना ते वेगळे काढणं फार गरजेचं आहे. पहिल्यात २२६ निरोगी मुलांच्या रक्तातली काही प्रथिनं मोजली. एसपी-ए आणि एसपी-बी ही फुप्फुसाच्या आतल्या अस्तरावर असणारी प्रथिनं, शिवाय सीसी१६ हे श्वासनलिकांमधल्या पेशींचं प्रथिन. फुप्फुस आणि रक्त यांच्यामधला पडदा जास्त पाझरायला लागला की ही प्रथिनं रक्तात जास्त सापडतात, असा त्यामागचा विचार. दुसऱ्या अभ्यासात १६ मुलं आणि १३ प्रौढ, तलावावर जाण्याआधी आणि नंतर. तिसऱ्यात १८८१ मुलं, ज्यांना पळायला लावून श्वासनलिका आकसतात का ते पाहिलं, आणि दम्याच्या प्रमाणाचा तलावावर घालवलेल्या एकूण वेळेशी संबंध लावला.

निकाल असे: तलावावरचे साठलेले तास जितके जास्त, तितकी रक्तातली एसपी-ए आणि एसपी-बी जास्त. तलावावर जाऊन आल्यानंतर हे बदल दिसले. दम्याचं एकूण प्रमाण आणि तलावावरची साठलेली हजेरी यांच्यात धन संबंध.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग दुसरा आहे, आणि नंतरच्या चर्चेत तोच सर्वात कमी आठवला जातो. तलावाच्या काठावर नुसतं एक तास थांबून, पाण्यात न उतरता, रक्तातली ही प्रथिनं वाढली होती. हा प्रयोग किती हुशारीचा आहे बघा. पोहताना माणूस दमतो, जोरात श्वास घेतो, आणि व्यायामानेही फुप्फुसाच्या पडद्यावर ताण येऊ शकतो. काठावर बसवल्यामुळे तो मुद्दा एका फटक्यात बाजूला झाला. उरली ती हवा. ‘लेखकांनी पर्यायी स्पष्टीकरणाचा विचार केला आहे’ हे वाक्य आपण फार सढळपणे वापरतो. विचार करणं म्हणजे काय, हे इथे पाहायला मिळतं.

तरीही दोन गोष्टी विचारायच्याच. काठावरची हवा उबदार आणि दमट असते; तितक्याच उबदार, दमट पण क्लोरीन नसलेल्या तलावाच्या काठावर तेच घडतं का? आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: प्रथिन रक्तात पाझरणं म्हणजे आजार का? पडदा थोडा जास्त पाझरला ही एक जैविक घटना आहे. ती तासाभरात घडते. दमा वर्षानुवर्षांत घडतो. पहिलीवरून दुसरीकडे जायला पूल लागतो (आपल्या मराठीतला पूल, पोहायचा नव्हे), आणि तो या पेपरमध्ये अर्धाच बांधलेला आहे.

आता वहीतले दोन शब्द लिहा. गृहीतकात आहे ट्रायक्लोरामाइन. मुलांच्या दोन मोठ्या गटांसाठी प्रत्यक्षात धरलंय काय? तलावावरची साठलेली हजेरी, म्हणजे तास. या तासांना मी ‘बदली माप’ म्हणते. खरा कामगार आला नाही की त्याच्या जागी बदली कामगार येतो, तसं. बदली मापात वाईट काही नाही, विज्ञान अर्धं त्यावरच चालतं. पण बदली कामगार खऱ्याचं काम कितपत करतो, हे कुणीतरी तपासलेलं असावं लागतं. एका तलावावर हवा खेळती आहे, पाणी वेळेवर बदलतात, पोहणारे अंघोळ करून उतरतात. दुसऱ्यावर खिडक्या बंद आणि गर्दी. दोन्हीकडचे शंभर तास कागदावर सारखेच दिसतात, फुप्फुसांसाठी मात्र नाहीत.

शिवाय तास एकटे येत नाहीत. वय वाढलं की तास साठतात. ज्या घरात पैसा आणि वेळ आहे तिथली मुलं शाळेबाहेरही पोहतात. लेखकांनी बऱ्याच घटकांचा हिशेब केलाय, हे मान्य. पण जो घटक मोजलाच नाही त्याचा हिशेब कुठल्याही रिग्रेशनला करता येत नाही. हे वाक्य पाठ करायला हरकत नाही, मुलाखतीत कामी येतं.

निष्कर्षाच्या शेवटी मात्र मोठी उडी आहे. औद्योगिक देशांत लहान मुलांमध्ये वाढणारा दमा आणि अ‍ॅलर्जी यांचं एक महत्त्वाचं कारण बंदिस्त तलावातली क्लोरीनची उत्पादनं असू शकतील, असं त्यांनी मांडलं. ‘असू शकतील’ हे शब्द त्यांचेच आहेत, आणि पुढे अभ्यास करून हे तपासायला हवं असंही त्यांनी तिथेच म्हटलंय. हा प्रामाणिकपणा आहे. पण काही शाळकरी मुलांच्या मोजमापांवरून सगळ्या औद्योगिक देशांच्या दम्याकडे जाणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. आणि एकदा असं वाक्य छापलं गेलं की त्यातलं ‘असू शकतील’ वाचणाऱ्याच्या मनात किती दिवस टिकतं?

२००७ मध्ये याच गटाकडून युरोपातल्या २१ देशांचा एक अभ्यास आला. दर लाख लोकांमागे बंदिस्त तलाव किती आणि मुलांमध्ये दम्याचं प्रमाण किती, यांचा संबंध लावलेला. हवामान, आर्थिक स्थिती अशा काही गोष्टींचा हिशेब धरूनही संबंध टिकला, असं त्यात आहे. यावर मी फार वेळ घालवणार नाही. ज्या गावात तलाव जास्त त्या गावात दमा जास्त, यावरून दमा झालेलं मूल तलावावर गेलं होतं की नाही हे कळत नाही. गटाचा आकडा माणसाला लावायचा नाही, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

२००९ चा ‘पीडियाट्रिक्स’मधला पेपर मात्र थांबून वाचण्यासारखा आहे, कारण त्यात तुलनेचा गट सुधारलाय. १३ ते १८ वर्षांची ८४७ मुलंमुली. त्यातली ११४ प्रामुख्याने अशा तलावावर गेलेली जिथे निर्जंतुकीकरण तांबं-चांदीच्या पद्धतीने होतं. म्हणजे पोहणं तेच, पाणी तेच, हवा दमट तीच, फक्त क्लोरीनचा भाग कमी. काठावर बसवण्याच्या प्रयोगानंतरची ही या गटाची दुसरी चांगली कल्पना. निकालात अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती असलेल्या मुलांमध्ये क्लोरीनच्या तलावावरच्या तासांबरोबर दम्याची शक्यता वाढलेली दिसली. तशी प्रवृत्ती नसलेल्यांमध्ये तसं दिसलं नाही. म्हणजे २००३ चं व्यापक विधान इथे आपोआप अरुंद झालंय: सगळी मुलं नाहीत, काही मुलं. माझ्या मते हे गृहीतक कमकुवत होण्याचं लक्षण नाही, शहाणं होण्याचं आहे. पण तुलनेचा गट असा एका वेगळ्या प्रकारच्या तलावावर अवलंबून असला की त्या तलावाच्या आसपास राहणारी माणसंही त्यात येतात, हे विसरायचं नाही. आणि उपगटातले निकाल नेहमी जरा लांबूनच बघायचे. गट जितका लहान, तितका आकडा उड्या मारणारा.

मग २०११. लाया फाँट-रिबेरा आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या मोठ्या जन्म-समूहातली माहिती वापरली. या समूहात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा गर्भावस्थेपासून पाठपुरावा केलेला आहे. पालकांकडून सहा महिन्यांपासून ८१ महिन्यांपर्यंत सात वेळा पोहण्याबद्दल प्रश्नावली भरून घेतली. सात आणि दहाव्या वर्षी दमा, घरघर, सर्दी, इसब यांची माहिती. सात-आठव्या वर्षी फुप्फुसांची चाचणी. विश्लेषणात ५,७३८ मुलं.

निकाल ‘पूल क्लोरीन’ गृहीतकाच्या विरुद्ध गेला. जास्त पोहणाऱ्या मुलांमध्ये कुठल्याही लक्षणाचा धोका वाढलेला दिसला नाही. कमी पोहणाऱ्यांशी तुलना केली तर सातव्या वर्षापर्यंत ‘कधीतरी दमा झाला’ याचा ऑड्स रेशो ०.८८, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.५६ ते १.३८. ‘सध्या दमा आहे’ याचा ०.५०, इंटरव्हल ०.२८ ते ०.८७. आणि आधीच दमा असलेल्या मुलांत, जी जास्त पोहत होती त्यांना दहाव्या वर्षी दमा चालू असण्याचा ऑड्स रेशो ०.३४, इंटरव्हल ०.१४ ते ०.८०.

इथे थांबा आणि पहिला आकडा नीट वाचा. ०.५६ ते १.३८. यावर ‘पोहण्याने दमा होत नाही हे सिद्ध झाले’ असं लिहिणारे मी पाहिलेत, अगदी प्रबंधांतही. हा इंटरव्हल तसं म्हणत नाही. तो म्हणतो की या माहितीशी ऑड्स ४४ टक्के कमी असणंही जुळतं आणि ३८ टक्के जास्त असणंही. पुरावा सापडला नाही आणि नसल्याचा पुरावा सापडला, यात फरक आहे. ३८ टक्के वाढ ही जर खरी असती तर सार्वजनिक आरोग्यात ती छोटी गोष्ट ठरली नसती.

दुसरा आणि तिसरा आकडा वाचताना उलट दिशेने सावध व्हायचं. पोहल्यामुळे दमा अर्ध्यावर आला? असेलही, व्यायाम होतो, फुप्फुसं मजबूत होतात. पण ज्या मुलाला धाप लागते त्याचे आईवडील त्याला तलावावर कमी नेतात, हेही तितकंच सहज घडू शकतं. मग पोहणं कमी असणं हे दम्याचं कारण नसून परिणाम ठरेल. दुसऱ्या बाजूला, दमा असलेल्या मुलांना मुद्दाम पोहायला सांगणारे डॉक्टरही असतात, त्याने आकडा विरुद्ध बाजूला ढकलला जाईल. वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास असल्यामुळे ‘आधी काय, नंतर काय’ हे इथे बऱ्यापैकी कळतं, आणि म्हणूनच मी याला २००३ च्या पेपरपेक्षा जास्त वजन देते. पण पूर्ण कळतं असं नाही. शिवाय या समूहात सुरुवातीला सुमारे १४,००० गर्भवती होत्या. विश्लेषणात मुलं उरली ५,७३८. वर्षानुवर्षं प्रश्नावल्या भरून पाठवणारी कुटुंबं कोणती असतात, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि वहीतले दोन शब्द? इथेही तेच. प्रश्नावलीतून कळतं मूल किती वेळा पोहायला गेलं. तिथल्या हवेत ट्रायक्लोरामाइन किती होता, हे कळत नाही. बेल्जियमच्या गटाने तास मोजले आणि वायूबद्दल बोलले. ब्रिस्टलच्या गटाने वारंवारता मोजली, आणि वाचणाऱ्यांनी त्यावरून वायू निर्दोष ठरवला. दोन्ही बाजूंची भांडणं एकाच बदली मापावर उभी आहेत. खुद्द तलावांमध्ये मोठा फरक असेल, आणि ब्रिस्टलकडचे तलाव बेल्जियमपेक्षा जास्त हवेशीर असतील, तर दोन्ही पेपर एकाच वेळी खरे असू शकतात.

मग वायूच का मोजत नाहीत? कारण ते काम जिकिरीचं आहे. रूढ पद्धतीत पंपाने हवा ओढून रसायन लावलेल्या फिल्टरमधून तासन्‌तास न्यावी लागते, नंतर फिल्टरवर तयार झालेला क्लोराइड प्रयोगशाळेत आयन क्रोमॅटोग्राफीने मोजायचा. आकडा गर्दी, तापमान, पाण्यातली खळबळ, खिडक्या यांनी तासागणिक बदलतो. हजारो मुलांच्या सात वर्षांच्या पोहण्यासाठी हे करणं शक्य नाही. कामगारांसाठी मात्र शक्य आहे, आणि तिथला पुरावा जास्त घट्ट आहे. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या तीन तलाव कर्मचाऱ्यांवर एक छोटा पेपर आला. त्यांच्यापैकी दोघांना बंद खोलीत ठरावीक प्रमाणात ट्रायक्लोरामाइन हुंगवल्यावर श्वासनलिका आकसलेल्या दिसल्या. माणसं तीनच, पण जो वायू म्हटला तोच वायू दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शिकेत तलावाच्या हवेसाठी प्रति घनमीटर ०.५ मिलिग्रॅम अशी तात्पुरती मर्यादा दिली, ती अशाच प्रकारच्या पुराव्यांच्या बळावर. आठ-आठ तास काठावर उभा राहणारा जीवरक्षक आणि आठवड्यातून दोनदा पाऊण तास पोहणारं मूल, यांच्यासाठी एकच आकडा पुरेसा आहे का, हा वेगळा वाद.

तर तो फोनवरचा प्रश्न. माझं उत्तर असतं: डॉक्टरांना विचारून जरूर पोहायला घाला, पण तलाव बघून. वासाने डोळे चुरचुरत असतील तर दुसरा शोधा. याला मी फक्त ब्रिस्टलचे आकडे कारण म्हणून देत नाही. २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. पोहता न येण्याची किंमत या वादातल्या कुठल्याच पेपरमध्ये धरलेली नाही, घरी निर्णय घेताना ती धरावी लागते. ‘क्लोरीनच कमी करा’ हाही तोडगा नाही. १ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन आणि पीएच ७.५ असताना हगवण लावणारे ई. कोलाय मिनिटाच्या आत मरतात. तेवढ्याच क्लोरीनमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मारायला दहा दिवसांहून जास्त लागतात. क्लोरीन काढून घेतला तर आजचा धोका उद्यावर ढकलला जात नाही, आजच वाढतो. कमी करायचं असेल तर ते क्लोरीनला चिकटणारं.

चिकटणारं किती असतं? यावर २०१७ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून एक पेपर आला आणि जगभर बातमी झाली: तलावात ७५ लिटर लघवी! बदली मापाचं याच्याइतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही. लघवी तलावात थेट मोजता येत नाही. युरिया क्लोरीनने मोडतो आणि घामातूनही येतो. म्हणून त्यांनी असेसल्फेम-के हा कृत्रिम गोडवा मोजला. तो शरीरात न मोडता जवळपास सगळाच लघवीतून बाहेर पडतो आणि तलावात टिकतो. दोन शहरांमधल्या ३१ तलाव आणि हॉट टबमधले २५० नमुने घेतले. सगळ्यांत तो सापडला, प्रति लिटर ३० ते ७११० नॅनोग्रॅम. नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट.

इथपर्यंत पक्कं. आता लिटरांचा आकडा कसा आला ते स्वतः करून बघा, वही-पेन पुरेल. कॅनडातल्या लोकांच्या लघवीत सरासरी ४००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेसल्फेम धरला, म्हणजे लिटरला ४ मिलिग्रॅम. ७५ लिटरमध्ये झाले ३०० मिलिग्रॅम. तलाव २ लाख २० हजार अमेरिकन गॅलनचा, म्हणजे साधारण ८ लाख ३३ हजार लिटर. भागाकार केला की येतात लिटरला ३६० नॅनोग्रॅम. लहान तलावात, अर्ध्या आकाराच्या, ३० लिटरचा अंदाज. तिथे येतात सुमारे २९०. म्हणजे मथळ्यातल्या त्या ७५ लिटरमागे प्रत्यक्षात आहे चिमूटभर पांढरी पूड, आणि एक सरासरी.

चिमूटभर म्हटल्यावर पुढची शंका आली पाहिजे. युरोपीय संघात शीतपेयात असेसल्फेमची परवानगी लिटरला ३५० मिलिग्रॅमपर्यंत आहे. अशा कमाल प्रमाणाचं एक लिटर डाएट पेय तलावात सांडलं, तर गणित म्हणेल: ७५ लिटरपेक्षा जास्त लघवी! कॅनडातल्या तलावात कुणी असं ओतलं असं मी म्हणत नाहीये. सगळ्या ३१ ठिकाणी तो पदार्थ सापडला, त्यामुळे लघवी हेच स्पष्टीकरण सगळ्यात सरळ आहे, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण ‘आहे’ आणि ‘७५ लिटर आहे’ ही दोन वेगळ्या ताकदीची विधानं आहेत. शितावरून भाताची परीक्षा होते, तांदूळ किती किलो शिजवला होता ते कळत नाही.

ही युक्ती आपल्याकडे वापरावी का, असं मला एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं. कल्पना चांगली आहे, पण दोन अडचणी आहेत. आपले बरेच सार्वजनिक तलाव उघड्यावर आहेत. ट्रायक्लोरामाइन वाऱ्यावर जातो, आणि ऊन क्लोरीन खातं म्हणून काही ठिकाणी सायन्युरिक आम्ल घालतात, त्याने मुक्त क्लोरीनची ताकद आणखी बदलते. म्हणजे बेल्जियमची भीती आणि ब्रिस्टलचा दिलासा, दोन्ही इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. आणि गोडव्याचं म्हणाल तर तो ४००० चा आकडा कॅनडातल्या खाण्यापिण्याचा आहे. इथे सकाळच्या बॅचला येणाऱ्या मुलांपैकी किती जण डाएट पेय पितात? तिचं काम सुरू करायचं असेल तर तलावाच्या पाण्याच्या बाटल्या आधी भरायच्या नाहीत. आधी पोहायला येणाऱ्यांच्या, परवानगी घेऊन, लघवीच्या बाटल्या भरायच्या. एथिक्स समितीचा फॉर्म त्यासाठीच लागतो. तो पहिल्या सत्रातच भरून टाका, मंजुरीला वेळ लागतो.